चकाकी

लक्ष्मीपुरीत, बियाणांच्या दुकानाशेजारी
जिन्याखाली माझं टेबल. दीड बाय तीन.
काकांचं भिंग उजव्या डोळ्यात घट्ट.
ते गुजरीत याच्यातून हिऱ्यातला डाग शोधायचे,
मी चार्जिंगच्या पिनेतला गंज शोधतो.
पोतदारकी अशी उतरली आमच्यात.

कॅमेरा उघडला की काका आठवतातच.
हरभऱ्याएवढ्या नळीत
एकाखाली एक सहा भिंगं.
काच नाही, प्लॅस्टिक.
आणि एकही धड गोल नाही,
कडेला वाकलेलं, मध्ये दबलेलं,
म्हणून तर अख्खा महाद्वार रोड मावतो त्यात,
बांगड्यांच्या गाड्यांसकट.
काकांना दाखवलं असतं तर म्हणाले असते,
"माल खोटा हाय. कारागीर खरा."

यास्मिन बागवान वरच्या मजल्यावरून फोन आणते.
"कानाला लावला तरी स्क्रीन विझंना म्हणतंय गिऱ्हाईक."
मी माझा कॅमेरा त्या काळ्या ठिपक्यावर धरतो.
डोळ्याला नुसतं भोक,
कॅमेऱ्यात जांभळं काहीतरी लुकलुकतंय.
"जित्तं हाय की. काच बसवणाऱ्यानं वर पट्टी मारलीय."
हा न दिसणारा उजेड
दिवसभर एवढंच विचारत बसतो,
जवळ कोण आहे का?
आणि पट्टीवरूनच उत्तर येतं, आहे, आहे,
किंवा येतच नाही.

मग हौसाक्का चौगले आल्या, कळंब्याहून,
पदरात बांधलेला फोन.
"वाजतोय, पण दिसत न्हाई काय."
मागचा दिवा गेला होता.
लोकांना वाटतं चित्र म्हणजेच उजेड.
मी टॉर्च तिरका धरला काचेवर.
करड्यात करडं, राखेत बोटानं लिहावं तसं
एक नाव वर आलं:
अवधूत. मिस्ड कॉल. अकरा.
त्या इतक्या वाकल्या की काच धुरकटली.
"म्हंजे हितंच होता व्हय, आत?"

टॉर्चच्या उजेडात एकेक आकडा वाचत
माझ्या फोनवरून नंबर लावून दिला.
त्या जिन्यात जाऊन बोलल्या.
तेवढ्यात शेजारी कुणीतरी मक्याचं पोतं ओतलं,
त्यामुळं काय बोलल्या ते कळलं नाही.
परत येऊन म्हणाल्या, "किती झालं?"
म्हटलं, अजून काही केलंच नाही.
"मग उद्या येतो मी."

त्याच आठवड्यात किरणोत्सव.
किरणं कंबरेपर्यंत येऊन थांबली.
धूळ म्हणाले, ढग म्हणाले,
कुणाचा तरी वाढीव मजला म्हणाले.
मला सगळंच पटतं.
फोनमध्ये तर हा रस्ता पुठ्ठ्याच्या जाडीचा:
दिवा, पांढरा कागद, एक पापुद्रा,
स्फटिकाचं पाणी, तीन रंगांची जाळी,
पुन्हा पापुद्रा, मग काच.
त्यातही मध्येच कोण ना कोण मजला चढवतंच.

हौसाक्कांचं जुनं पॅनेल मागं उरलं.
वरचा पापुद्रा नखानं सोलून काढला,
धुरकट, पातळ,
आणि साडेतीनच्या उन्हात रंकाळ्यावर गेलो.
पाण्याकडं बघवत नव्हतं,
नवा पत्रा अंथरल्यासारखं.
पापुद्रा डोळ्यापुढं धरला. काही नाही.
थोडा फिरवला.
पत्रा गेला.
खाली शेवाळ, एक पायरी,
पायरीवर चप्पल,
कोल्हापुरी नव्हे, स्पंजची.

भेळेच्या गाडीवरचं पोरगं कांदा चिरायचं थांबलं.
"मला बी दावा."
"फिरव जरा."
त्यानं फिरवला. मग बराच वेळ गप्प.
मागं गिऱ्हाईक दोनदा ओरडलं.
"तीन हाईत," तो म्हणाला,
"रोज हितंच गाडी लावतो मी.
पायऱ्या हाईत म्हाईतच न्हवतं."